उन्हाचे पैसे कशाला भरायचे? माउंटन बाइकच्या फोटोंसाठी परवडणारी लेन्स

एफ/२.८ ची मोठी झूम लेन्स लाखाच्या घरात जाते ती उजेडापायी. जिथं उजेड कमी, तिथं ती जास्त उजेड आत घेते (एफपुढचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). गर्द झाडीतल्या, कायम ढगाळ असलेल्या ट्रेलवर फोटो काढणाऱ्यांना तो विकत घ्यावाच लागतो, आणि यूट्यूबवर सायकलच्या फोटोंबद्दल जे सल्ले येतात ते बरेचसे तसल्याच जंगलातून आलेले असतात. आपल्याकडे भांगसी मातेच्या गडावर मार्चमध्ये सकाळी साडेआठला डोळे बारीक करून बघावं लागतं. मराठवाड्यात पाण्याची मारामार असेल, उन्हाची नाही. मग उजेडाचे पैसे लेन्सवाल्याला कशाला द्यायचे?

मी संभाजीनगरात लग्नाचे फोटो काढते. ते पोटापाण्याचं. रविवारी सकाळी भाचा आणि त्याच्या सायकलवाल्या पोरांमागे डोंगर चढते, ते हौसेचं. ही पोरं कॉलेजातली, नाहीतर नुकती नोकरीला लागलेली. सगळा पैसा सायकलीत गेलेला असतो. घरात कुणाचा तरी जुना डीएसएलआर पडून असतो आणि लेन्ससाठी हातात दहा-पंधरा हजार. "मावशी, एवढ्यात काय येईल?" हे मला सारखं कुणी ना कुणी विचारत असतं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी उजेडाचा हिशेब करू. रोलच्या काळातल्या फोटोग्राफरांचा एक नियम होता, तो आजही चालतो: लख्ख ऊन असेल तर अॅपर्चर एफ/१६ (म्हणजे लेन्सचं भोक बारीक) ठेवायचं आणि शटर आयएसओच्या, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो त्याच्या, आकड्याइतकं. म्हणजे आयएसओ २०० ला १/२०० सेकंद. आता एफ/१६ वरून एफ/५.६ वर या. उजेड आठपट झाला, शटर १/१६०० वर गेलं. ताशी वीस किलोमीटरनं येणारा रायडर सेकंदाला साधारण साडेपाच मीटर जातो. १/१६०० मध्ये तो सरकतो साडेतीन मिलिमीटर. फोटोत तो दगडासारखा स्थिर दिसणार. आणि एफ/५.६, नाहीतर त्याच्या जवळपासचं, तर बाजारातली सगळ्यात स्वस्त टेली झूमसुद्धा (लांबचं जवळ आणणारी लेन्स) देते. आयएसओ ४०० केला तर आणखी दुप्पट हात मोकळा.

हा हिशेब मोडतो कधी? पावसाळ्यात. म्हैसमाळला ढग खाली उतरतो तेव्हा, किंवा सागाला पानं फुटून खाली अंधार होतो तेव्हा. त्यासाठी एक वेगळी, छोटी आणि स्वस्त लेन्स असते. तिच्याकडे नंतर येते. (कन्नडच्या गौताळ्याकडे जाणार असाल तर ते अभयारण्य आहे. वनखात्याला विचारल्याशिवाय तिथल्या पायवाटांवर सायकल घालायची नाही. फोटो कितीही भारी येणार असला तरी.)

किती एमएमची लेन्स हवी

दुकानात "पोरगं सायकल चालवतंय, त्याचे फोटो काढायचेत" असं सांगितलं की समोरून उत्तर येतं, "२५० घ्या" किंवा "३०० घ्या." एमएम जितके जास्त तितकं लांबचं जवळ दिसतं, पण तुम्ही नेमकं उभं कुठं राहणार, हे कुणी विचारत नाही. लेन्स ठरते ती त्यावर.

एक सोपं गणित देते. कॅननच्या साध्या, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या बॉडीचा सेन्सर २२ मिलिमीटरच्या किंचित वर रुंद असतो. म्हणून: तुमच्यापासून रायडरपर्यंतचं अंतर मीटरमध्ये, गुणिले २२, भागिले लेन्सचे एमएम. येईल ते उत्तर म्हणजे तेवढ्या अंतरावर फ्रेममध्ये किती मीटर रुंद जागा मावते. निकॉन-सोनीचा सेन्सर थोडा मोठा, तिथं २२ ऐवजी साडेतेवीस धरा.

सायकल पावणेदोन-दोन मीटर लांब. बाजूनं फोटो काढताना पुढं थोडी वाट, मागं थोडी धूळ हवी, म्हणजे चारेक मीटरची फ्रेम चांगली. आता बघा. ५० एमएम लावून दहा मीटरवर उभ्या राहिलात तर फ्रेम ४.४ मीटर. जमलं. २५० लावून दहा मीटरवरच उभ्या राहिलात तर फ्रेम नव्वद सेंटिमीटर, म्हणजे हँडल आणि एक गुडघा. त्याच २५० ला चार मीटर हवे असतील तर पंचेचाळीस मीटर लांब जावं लागतं. संभाजीनगरजवळच्या सातारा गावाच्या मागच्या डोंगरावर, उघड्या माळावर, पंचेचाळीस मीटर लांब जाता येतं. दोन्हीकडं बाभळी असलेल्या पायवाटेवर येत नाही.

तर पैसे काढायच्या आधी एक सकाळ घालवा. तुमची पोरं नेहमी जिथं उतरतात तिथं जा, जिथून फोटो काढावासा वाटतो तिथं उभ्या राहा आणि वाटेपर्यंत पावलं मोजा. मोठं पाऊल साधारण पाऊण मीटर धरा. चार-पाच जागांची अंतरं वहीत, नाहीतर मोबाइलमध्ये लिहा. गणित उलटं फिरवा: अंतर गुणिले २२ भागिले ४. पंधरा मीटर आलं तर ८०, तीस आलं तर १६५. तुमची लेन्स त्या यादीत आहे. मी ज्या जागा मोजल्यात त्यातल्या बऱ्याच ऐंशी ते दोनशेच्या मधे पडल्या. आपले डोंगर उघडे, वाट लांबून दिसते आणि काठाला उभं राहायला जागा असते, म्हणून.

मग घ्यायचं काय

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स विकू नका. तिला सगळे नावं ठेवतात, पण जवळून, खालून, आभाळ आणि पठार दाखवणारा फोटो काढायला ती पुरते. १८ वर ठेवायची, एफ/८ करायचं, फोकस दोन मीटरवर आणून मॅन्युअल करून टाकायचा. मग एक मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं कामापुरतं स्पष्ट येतं. फोकस शोधायची भानगडच नाही. रायडर तुमच्यापासून दोन-तीन मीटरवरून जातो तेव्हा कुठल्याही स्वस्त लेन्सची मोटर त्याला धरू शकत नाही; इथं मोटरच लागत नाही.

दुसरी लेन्स म्हणून सगळे आधी ५० एमएम घ्यायला सांगतात. मी नाही सांगत. नवरीच्या फोटोंना ती सोन्यासारखी आहे, पण डोंगरावर आधी टेली झूम घ्या. कॅननवाल्यांसाठी ईएफ-एस ५५-२५० एसटीएम. २०१३ साली आली, वजन पावणेचारशे ग्रॅम, पाठीवरच्या पिशवीत आहे की नाही कळत नाही. नाव नीट वाचून घ्या. याच आकड्याच्या दोन जुन्या आवृत्त्या फिरतात, त्यांच्यावर एसटीएम लिहिलेलं नसतं. त्यांची मोटर घरघर करत फोकस शोधते आणि तोवर पोरगं खाली पोचलेलं असतं. शेपाचशे रुपये वाचतात म्हणून जुनी उचलू नका. आणि ७५-३०० नावाची कॅननची एक लेन्स स्वस्तात, कधी कधी जोडीनं गळ्यात मारतात. ३०० आकडा बघून मन हलतं. मोटर संथ, ३०० वर फोटो सॉफ्ट, म्हणजे पुसट. नको.

निकॉनवाल्यांसाठी एएफ-पी डीएक्स ७०-३००. मोटर चपळ आणि जवळजवळ बिनआवाजी. पण बॉडी जुनी असेल तर थांबा: डी९०, डी३००० असल्या बॉडीवर ती फोकसच करत नाही. तुमच्या बॉडीवर लावून, फोकस होतो हे डोळ्यांनी बघूनच पैसे द्या. निकॉनमध्ये आणखी एक खाचखळगा आहे. डी३००० आणि डी५००० घराण्यातल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे ५० एमएम एफ/१.८डी ही जुनी लेन्स त्यावर हातानंच फोकस करावी लागते. दुकानदार ती "एकदम स्वस्त, मस्त" म्हणून पुढं करतो. शेवटचं अक्षर डी की जी, एवढं बघा. जी हवी. सोनीच्या मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर) ५५-२१० येते, तिचंही काम भागतं.

यातल्या बऱ्याच लेन्सवर आयएस, व्हीआर, ओएसएस अशी हात स्थिर करणारी सोय असते, आणि तिचे जादा पैसे लागतात. ती तुमच्या हाताची थरथर थांबवते, सायकलीचा वेग नाही. १/१००० च्या वर शटर असेल तर तिचा उपयोग नावापुरता. ७०-३०० व्हीआर आणि बिनाव्हीआर अशा दोन्ही मिळत असतील, आणि फक्त सायकलीच काढायच्या असतील, तर बिनाव्हीआर घेऊन उरलेल्या पैशात मेमरी कार्ड घ्या.

आता ती पावसाळ्यातली लेन्स. कॅननची ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम, १६० ग्रॅमची, नवीसुद्धा दहा हजारांच्या आसपास. निकॉनची डीएक्स ३५ एमएम एफ/१.८जी. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ जवळपास दहापट उजेड घेते. म्हैसमाळच्या धुक्यात झूम लेन्सला आयएसओ ६४०० लागत असेल तिथं ही ६४० वर काम करते. एक सांगते, समोरून येणाऱ्या रायडरला पाच मीटरवरून एफ/१.८ वर काढलं तर स्पष्ट येणारी पट्टी पाऊण मीटरसुद्धा नसते. पुढच्या चाकापासून चेहरा जवळपास मीटरभर मागं असतो. चाक धरलंत तर चेहरा गेला. म्हणून समोरून काढताना एफ/२.८ किंवा एफ/३.५ वर या, आणि एफ/१.८ बाजूनं जाणाऱ्या सायकलीसाठी ठेवा.

१०-१८ सारख्या वाइड लेन्सचं आकर्षण पोरांना फार. जंप खालून काढली की सायकल आभाळाला टेकल्यासारखी दिसते, इन्स्टाग्रामवर धडाधड लाइक येतात. कॅननची ईएफ-एस १०-१८ चांगली आहे, हलकी आहे. पण १० एमएमला चार मीटरची फ्रेम म्हणजे रायडर दोन मीटरच्याही आत. "तू डावीकडून येणार, मी या दगडाच्या उजवीकडं बसणार" हे बोलून घेतल्याशिवाय तिथं बसायचं नाही. शेवटी घ्या ही लेन्स. आधी १८ वर हात बसू द्या.

बजेट थोडं ताणता आलं तर सेकंड हँडमध्ये दोन लेन्स शोधण्यासारख्या आहेत: कॅनन ८५ एमएम एफ/१.८ यूएसएम आणि बिनाआयएसची ७०-२०० एफ/४ एल. दोन्ही नव्वदच्या दशकातल्या, दोन्हीची मोटर आजही झटपट. त्या ७०-२०० चं वजन सातशे ग्रॅम, रंग पांढरा. डोंगरावरची म्हातारी माणसं "टीव्हीवाले का?" विचारतात. उद्या मिररलेस बॉडी घेतलीत तर कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून फोकससकट चालतात, त्यामुळे पैसे बुडत नाहीत.

मोटर संथ असली तरी

लेन्स स्वस्त तर मोटर संथ, हे थोडंफार राहणारच. त्यावर उपाय म्हणजे रायडरला शोधत न बसता जागा धरून ठेवणं. वाटेवर एक दगड ठरवा. मी पर्समधला खडू काढून त्यावर रेघ मारते. त्यावर फोकस करा, स्विच मॅन्युअलवर टाका. रायडरचं पुढचं चाक दगडाशी आलं की दाबा. २०० एमएम, एफ/५.६, तीस मीटर अंतर असेल तर दगडाच्या अलीकडं-पलीकडं मिळून जवळपास पाच मीटर स्पष्ट येतं, म्हणजे चूक करायला भरपूर जागा.

बर्स्टच्या, म्हणजे बटण दाबून ठेवून सलग फोटो काढण्याच्या, भरवशावर राहू नका. कॅननच्या १५००डी सारखी बॉडी सेकंदाला तीन फोटो काढते. साडेपाच मीटर भागिले तीन: दोन फोटोंच्या मधे सायकल अख्खी स्वतःच्या लांबीएवढी पुढं जाते. जंपचा सर्वात उंच क्षण नेमका त्या मधल्या जागेत सापडतो. एकच फोटो, वेळेवर.

उतार सपाट दिसतो ही सगळ्यांची तक्रार. भाचा म्हणतो, "मावशी, इथं माझी फाटली होती आणि फोटोत गल्लीतनं चाललोय असं दिसायलंय." वरून खाली किंवा खालून वर काढला की असं होतं. बाजूला जा, टेली झूम लावा, फ्रेममध्ये एखादं सरळ उभं झाड किंवा दूरचं क्षितिज ठेवा. मग डोळ्याला तुलना मिळते आणि उतार दिसतो.

टेलीचा आणखी एक फायदा फक्त आपल्याकडचा. देवगिरीचा डोंगर सुमारे दोनशे मीटर उंच. पाच किलोमीटरवरून १८ एमएमनं काढला तर तो फ्रेमच्या उंचीचा विसावा भाग, म्हणजे मुंगी. २५० नं काढला तर फ्रेमच्या दोन तृतीयांश. पुढं सायकल, मागं अख्खा किल्ला. त्यासाठी तुम्हाला रायडरपासून लांब उभं राहावं लागतं, आणि हा फोटो सकाळी लवकरच काढायचा. दहानंतर मुरूम आणि काळा खडक तापला की जमिनीवरून वाफा निघाल्यासारखी हवा थरथरते, आणि टेलीतून दूरचं सगळं पातळ होऊन जातं. दोन लाखांची लेन्सही त्याला काही करू शकत नाही. तेव्हा "लेन्स सॉफ्ट आहे" म्हणून परत करायला धावू नका. आधी उद्या सकाळी सातला तोच फोटो काढून बघा.

ऊन तिरपं असताना त्याच्याकडं तोंड करून काढलं तर चाकामागची धूळ पेटल्यासारखी दिसते. त्यासाठी लेन्सचा हूड लागतो. स्वस्त लेन्ससोबत बहुतेक वेळा तो येत नाही. वेगळा घ्या, थोडक्या पैशात मिळतो. आणि त्याच धुळीत लेन्स बदलू नका. गाडीत, नाहीतर देवळाच्या ओसरीत जाऊन बदला. पुढची काच रुमालानं पुसायची नाही. मुरमाचा कण काचेवर ओरखडा काढतो. आधी रबरी ब्लोअर, मग कापड.

सेकंड हँड घेताना

घेण्याआधी एक दिवस भाड्यानं आणून बघता आली तर उत्तम. लग्नसराईत मात्र कुणी देणार नाही, सगळ्या लेन्स मांडवात असतात. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत मुहूर्त नसतात, तेव्हा त्या कपाटात पडून असतात आणि भाडं कमी-जास्त करता येतं. डोंगरही त्याच दिवसांत हिरवे असतात. सराई संपल्यावर बरेच फोटोग्राफर मिररलेसवर जातात आणि डीएसएलआरच्या लेन्स विकायला काढतात. तीच घ्यायची वेळ.

लग्नात वापरलेली लेन्स ओळखायला सोपी. झूम फिरवायच्या रबरी पट्ट्याच्या खाचांत नखानं खरवडून बघा. पिवळं निघालं तर हळद. ती पुसली जात नाही. हळदीनं काच बिघडत नाही, पण जी लेन्स हळदीच्या अंगणात गेली ती पाण्यात, धुरात आणि गर्दीतही गेलेली असते. भाव पाडायला एवढं पुरे.

मग मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूनं लेन्समध्ये मारा आणि पुढून तिरकं बघा. चार-दोन धुळीचे कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, फंगस. एका दुकानदारानं मला ती "आतली धूळ आहे ताई, सर्व्हिसिंगला जाईल" म्हणून दाखवली होती. मी लेन्स काउंटरवर ठेवून बाहेर आले. कॅननच्या लेन्सवरच्या सोनेरी संपर्कपट्ट्या झिजल्यात का, निकॉनवर अॅपर्चरच्या पात्यांना तेल लागलंय का, तेही बघा. झूम लेन्स तोंड खाली करून धरा. नळी आपोआप घसरून लांब होत असेल तर आतून सैल आहे.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा रस्त्यावर. स्वतःची बॉडी घेऊन जा. दुकानाच्या पायरीवर उभ्या राहा, फोकस सर्व्हो किंवा एएफ-सीवर (म्हणजे हलत्या गोष्टीमागे सतत फिरत राहील असा) टाका, लेन्स पूर्ण लांब करा आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवर धरून सलग फोटो काढा. मग स्क्रीनवर मोठे करून बघा: नंबर प्लेट वाचता येतीये का? पाचांतल्या तीन-चार फोटोंत वाचता आली तर ही लेन्स सायकलीला धरेल, कारण रस्त्यावरची दुचाकी तुमच्या रायडरपेक्षा जोरात असते. एकाच फोटोत आली तर कितीही स्वस्त असो, परत द्या. तिथल्या तिथं ते फोटो डिलीट करा, उगं कुणाचे नंबर घरी न्यायचे नाहीत.

पसंत पडली तर बिल घ्या, आणि लेन्सवरचा सीरियल नंबर त्या बिलावर तुमच्यासमोर लिहून घ्या. पंधरा दिवसांची तरी बदलून द्यायची बोली त्याच कागदावर, दुकानाच्या शिक्क्यासकट.